पिवळे तांदूळ

“ज्या घरी लगन नाही, त्या घरी सरगुंडे वळाले कोनी बसनार नाही,” तेजराम दारात उभा राहून म्हणाला. रूपाली समोरच बसली होती, तरी त्याने आवाज असा चढवला, की राजेगावच्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जावा. “आन जी बसन, तिच्या घरच्या लग्नात आपल्या भावकीतली एक बाई पाय ठेवनार नाही.”

रूपालीने डोक्यावरचा पदर सारखा केला. चुलतसासरा होता, मान ठेवायलाच हवा. पण हातातली सरकांडीची काडी काही तिने खाली ठेवली नाही.

“काकाजी, लग्नात वळतो तवाही हेच हात, हेच पीठ. मंग इकले तं काय बिघडते?”

“आपल्यात कोनी इकले नाही आजवर. तुले काय कमी हाय? नवरा भरवेलीच्या खदानीत कमावते ना?”

“ते त्यायचं कमावतेत. मले माहं काही करायचं हाय.”

तेजराम आपल्या वहिनीकडे वळला. शेवंताबाई, म्हणजे रूपालीची सासू, भिंतीला टेकून सुपारी कातरत बसली होती. तिने हूं की चूं केलं नाही. “पाहा, वहिनीलेही पटत नाही,” असं म्हणून तो निघून गेला. त्याच्या धमकीपेक्षा सासूचं ते गप्प बसणंच रूपालीच्या जिव्हारी लागलं.

हे सगळं सुरू झालं ते बसच्या पंक्चरपासून. मागच्या महिन्यात बालाघाटहून गोंदियाला निघालेली बस गावातच बसली. पौर्णिमा नावाची एक बाई उतरून पाणी मागायला रूपालीच्या घरी आली. गोंदियात तिची खानावळ होती. अंगणात शेजारच्या लग्नासाठी बायका सरगुंडे वळत होत्या. कणकेची बारीक दोरी करायची, सरकांडीच्या काडीवर गुंडाळायची, अलगद सोडवून उन्हात टाकायची. दारी आलेल्या माणसाला नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून रूपालीने तिला वाटीभर सरगुंडे शिजवून आमरसात घालून दिले. पौर्णिमाने दुसरी वाटी मागून घेतली, मग तिसरी. बाहेर बसचा हॉर्न वाजत असताना ती म्हणाली, “मले पंधरा किलो पायजे. जमलं तं दर महिन्याले घेत जाईन.”

रूपालीला त्या रात्री झोप लागली नाही. गावात लग्न निघालं, की बायका एकमेकींकडे वळायला जातात आणि चहा पिऊन घरी येतात. त्याच हातांना कोणी बाहेरचं माणूस मोल देतंय, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. जी जितके वळेल तितका तिचा वाटा, असं तिने हातपंपावर सांगितलं आणि अकरा जणींनी तिथल्या तिथे हौ म्हटलं. आज मंगळवार, वळण्याचा दिवस. बुधवारी ऊन द्यायचं आणि गुरुवारी माल द्यायचा. आता अकरापैकी एकीचंही दार उघडत नव्हतं, आणि एकटीने मान मोडून दिवसाचे दोन किलोही होत नाहीत.

मोबाइल वाजला. पौर्णिमाचा निरोप होता: “गुरवारी मानूस पाठवून राह्यली. जमत नसन तं आताच सांग, मी मशीनचे घेतो.”

रूपालीने रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. अकरा जणींसाठी अंथरलेले गोणपाटाचे बोरे तसेच पडले होते. तिने उत्तर पाठवलं, “पाठवा.”

तेवढ्यात शेवंताबाई उठली. आत जाऊन काही खुडबुड केली आणि पदराखाली ताट झाकून बाहेर पडली. निघाली दिराच्या घरी, रूपालीला वाटलं. तिला राग आला, रडूही आलं.

“जा, तुमीही जा! मी एकटी वळन!”

सासूने मागे वळूनही पाहिलं नाही.

अर्ध्या तासाने शेजारची पिंकी आली आणि पदर खोचून बोऱ्यावर बसली. तिच्यामागून दोघी आल्या, मग चौघी. सगळ्यांच्या हातात आपापली काडी होती.

“अवं, काकाजीनं पाह्यलं तं?” रूपाली घाबरलीच.

“मोठ्या आईनं पीले चावल दिले ना, भाभी!” पिंकी म्हणाली. “शादी का बुलावा है. ना कैसे बोलते?”

पिवळे तांदूळ हातावर पडले, की त्या घरी वळायला जायचंच. हे बोलावणं आजवर कोणी मोडलेलं नाही. ते वाटायचे मात्र सवाष्णीने. शेवंताबाईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत गावातल्या कुठल्या लग्नात तिला कोणी हळदीच्या ताटाला हात लावू दिला नव्हता. आज तेच ताट घेऊन ती दारोदार फिरत होती. सगळ्यात शेवटी खुद्द तेजरामची बायको आली आणि कोणाकडे न बघता कणकेचा गोळा घेऊन बसली.

पाठोपाठ तेजराम तरातरा आला. शेवंताबाई नुकतीच रिकामं ताट घेऊन दारात पोचली होती.

“वहिनी, हे काय चालवलं? पिवळे तांदूळ वाटले! कोनाचं लगन हाय तुमच्या घरी?”

सगळ्यांचे हात थांबले. शेवंताबाईने ताट भिंतीला लावलं, सुनेला सरक म्हणाली आणि तिच्या बोऱ्यावर ऐसपैस मांडी घातली.

“माहं,” ती म्हणाली. “नवरा भेटला तं ठीक, भाऊजी. नाही तं सरगुंडे इकून टाकू.”