वीणेचा पहारा

"देवाच्या मांडवात असला विषय न्हाई चालायचा," तानाजी उभा राहून म्हणाला. निम्मं गाव लगेच उठायच्या बेतात आलं.

बीडहून आलेली तेजश्री माईक धरून तशीच थांबली. तिनं असं काय सांगितलं होतं? पोराचा जीव पोरावर जडतो, पोरीचा पोरीवर, तीही देवाचीच लेकरं आहेत, त्यांना घराबाहेर काढू नका. एवढंच. सप्त्यातला दुपारचा हा तास तिला छबुबाईनं मिळवून दिला होता. त्यासाठी बाईनं चार महिने पंचांचे उंबरे झिजवले. ते कशापायी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

अंगदपायी. छबुबाईचा एकुलता एक. तीन वर्षांमागं याच सप्त्यात त्याचा अन् त्याच्या मित्राचा फोटो सकाळीच गावभर मोबाईलवर फिरला, आणि दहाला तो वीणा गळ्यात घालून पहाऱ्याला उभा राहिला. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते. दोन तास झाले की पुढच्यानं यायचं, पाया पडायचं आणि ती आपल्या गळ्यात घ्यायची. अंगदच्या मागून त्याच्या बापाची, रामकिसनची पाळी होती. तो तापानं फणफणलाय, असा घरून निरोप आला. छबुबाई तिकडं पंगतीच्या भाकऱ्या थापत होती, तिला पत्ताच नाही. समोर पन्नास माणसं टाळ वाजवत बसलेली, पण एकाचाही हात पुढं झाला नाही. चार वाजता पोरगं घेरी येऊन खाली कोसळलं आणि वीणा टेकली. गावाला निमित्तच पाहिजे होतं. सप्ता बाटवला म्हणाले. अंगद त्याच संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला गेला. आठ महिन्यांनी तिकडून फोन आला, तो पोलिसांचा.

तेव्हापासून छबुबाई गावाला शिव्याशाप देत आली. नवऱ्याला मात्र तिनं कधी शब्दानं दुखवलं नाही. बिचारा आजारी होता.

आज वीणा त्याच रामकिसनच्या गळ्यात होती. पुढची पाळी तानाजीची. त्यानं हात पुढं केले.

"द्या इकडं, आबा. ज्यानं वीणा खाली ठेवली, त्याच्यापायी आज पुन्हा इटाळ नको."

रामकिसननं वीणा सोडली नाही. बायकांमधून छबुबाईनं मान वर केली.

"त्यानं न्हाई ठेवली," तो म्हणाला. माईक लांब होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "चार तास माझी वाट बघितली लेकरानं. मी घरी गोधडी घेऊन पडलतो. मला ताप न्हवता."