हुंकार

शेजारचं जोडपं कामावर गेलं की त्यांचा कुत्रा भिंतीशी येऊन दिवसभर रडत बसायचा. वैतागून शरयूताईंनी त्या सकाळी सोसायटीत तक्रार दिली.

दुपारी त्या वाती वळायला भिंतीला टेकून बसल्या. कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते. पलीकडचं रडणं ऐकता ऐकता, तीस वर्षं बालवाडीतल्या पोरांना निजवणाऱ्या त्यांच्या तोंडून आपोआप गोष्ट निघाली. "एक होता ढगांचा राजा..."

रडणं थांबलं.

राजाच्या महालाला जिना नव्हता आणि दारात पांढरे घोडे धुकं चरायचे. डोळे जडावले, शब्द पेंगुळले आणि शरयूताई मध्येच थांबल्या. तशी पलीकडून भिंतीवर शेपटी आपटली. थोड्या वेळाने पुन्हा. अगदी पोरांच्या हुंकारासारखी. किती वर्षांनी कोणी "पुढे?" विचारत होतं.

संध्याकाळी शेजारीण ओशाळून दारात आली. "मावशी, त्रास झाला तुम्हाला. उद्या त्याला गावी दिराकडे पाठवतोय."

"उद्या नको," शरयूताई म्हणाल्या. "राजा अजून ढगातच अडकलाय. आणि जाताना किल्ली माझ्याकडे देत जा. भिंतीआडून गोष्ट नीट सांगता येत नाही."