मावळायच्या आत

दोन हॉटेलं उरली होती आणि सूर्य मावळायला अर्धा तास. चेलनाच्या हातात लाटणं होतं, बोटं पिठाची होती, म्हणून तिने मोबाइल डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर मालवणचा समुद्र होता, समुद्रात किल्ला, आणि किल्ल्यासमोर वाळूतच उभं असलेलं एक बैठं हॉटेल. तव्यावरचा फुलका फुगेपर्यंत ती त्याच्याकडे बघून घ्यायची.

दुसरं हॉटेल तिथल्याच बाजारपेठेत होतं. पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण नाही, सांगाल तेव्हा ताट तयार. खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. रोनकचं, तिच्या नवऱ्याचं, म्हणणं होतं की भिंतीत वाईट काय आहे, सावद्यातल्या घराच्या खिडकीतूनही भिंतच दिसते, आपल्याला सवय आहे. नाताळची सुट्टी जवळ आली होती. दोन्हीकडच्या मालकांनी आज रात्रीपर्यंत कळवा म्हणून बजावलं होतं.

चेलनाने समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतरची पहिली सहल सासू-सासऱ्यांसह पालिताण्याला झाली, दुसरी शिखरजीला; दोन्ही तीर्थयात्राच. तिची तक्रार नव्हती. पण एकदा तरी तिला अशी खिडकी हवी होती, जिच्यापलीकडे काहीच नसेल.

अडलं होतं ते मासळीवर. काठावरच्या हॉटेलात मासळी शिजायची. चेलनाने त्यावर उपाय काढला होता. तिथल्या मालकीणबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, बाजूला सुरूच्या झाडांखाली रिकामी पडवी आहे, तुमची शेगडी आणा, तुमची भांडी आणा, हवं ते रांधा. हे तिचं घरात दोनदा सांगून झालं होतं. सासूबाई, राजकुंवरबाई, दोन्ही वेळा काही बोलल्या नव्हत्या. या घरात त्यांचं न बोलणं म्हणजे नाही.

बाहेर पाटांसमोर ताटं मांडली गेली. घरात सगळ्यांचा चौविहार होता. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाण्याचा घोटही नाही. गावातल्या जैन संघाने छापलेलं सूर्यास्ताचं कोष्टक फ्रिजवर चिकटवलेलं होतं आणि रोज संध्याकाळी घर त्यावर चालायचं. केळीचे ट्रक भरायचे राहिले तरी चालतील, पण सासरे रिखबचंद आणि रोनक वेळेत पाटावर हजर. आधी ते दोघं जेवायचे. मग सासू-सून ओट्याशीच भराभर चार घास खायच्या, घड्याळाकडे बघत शेवटचं पाणी प्यायच्या आणि पेले पालथे घालायच्या. पाठोपाठ राजकुंवरबाई लोकरीचं कटासन पसरून प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला बसायच्या. इतक्या वर्षांत यात कधी खंड पडला नव्हता. प्रवासात धर्मशाळा असली, तरी भोजनशाळेची रांग त्याच वेळेची असायची.

"समुद्र म्हणजे असतं काय," रिखबचंद भाजी वाढून घेत म्हणाले, "एक काठ हरवलेली तापी."

रोनक हसला. चेलनाने ठरवलं, आता शेवटचा हुकमी पत्ता. ती भौतिकशास्त्र शिकली होती. फुलके वाढता वाढता तिने सांगितलं की मालवण आपल्या पश्चिमेला आहे आणि दक्षिणेलाही, त्यामुळे या दिवसांत तिथे सूर्य आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा मावळतो. म्हणजे जेवायला घाई नाही.

"बघा बाबूजी," रोनक म्हणाला, "हिने समुद्रासाठी सूर्यालाही फितवलं."

स्वयंपाकघरात राजकुंवरबाईंचा पळीचा हात थांबला. चेलना आत आली तेव्हा त्या मोबाइलसमोर वाकून उभ्या होत्या. बोट लावायची त्यांना भीती वाटायची, म्हणून हात पाठीमागे बांधलेले.

"बिनणी, तिथे सूर्य किल्ल्यामागे जातो की पाण्यात?" त्यांनी सुनेला विचारलं.

चेलनाला वाटलं, हेही हॉटेल गेलं. प्रश्न कुठून आला ते तिला कळलं. किल्ल्याच्या तटामागे गेलेला सूर्य मावळला की नुसता दिसेनासा झाला, हे ठरवणार कसं? अशा शंकेत सासूबाई पाणीही पिणार नाहीत. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. तिने मालकीणबाईंना पुन्हा फोन लावला. त्यांना या प्रश्नाचं हसू आलं. किल्ला डाव्या हाताला राहतो, त्या म्हणाल्या, या दिवसांत सूर्य उजवीकडे सरळ पाण्यात जातो, आमच्या पडवीतून पुरता दिसतो.

राजकुंवरबाईंनी मान हलवली. घड्याळ पाहिलं. दोघींनी उभ्या उभ्या जेवण उरकलं, पाणी प्यायलं. पेले पालथे झाले. पूर्वेच्या खिडकीतली भिंत हळूहळू करडी होत गेली. बाहेर कुठेतरी सूर्य मावळत असणार, कोष्टकात तसं लिहिलं होतं. सासूबाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं, म्हणजे नाहीच; चेलनाने फडक्याला हात पुसले आणि बाजारपेठेतल्या हॉटेलचा नंबर काढला.

"तो नको," राजकुंवरबाई म्हणाल्या. "वाळूतलं घे. शेगडी आपली नेऊ. खिचडी एकदाच टाकायची आणि चौघांनी एकदम बसायचं. वाढायचं ज्याचं त्याने."

"पण बाईजी, तिथे मासळीचा वास येईल."

"समुद्रावर वारा असतो म्हणतात."

त्यांनी कटासन उचललं, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"या घरात आले त्या दिवसापासून रोज तो मावळायच्या आत जेवण उरकतेय, बिनणी. तो मावळताना कसा दिसतो, ते अजून पाहिलं नाही."