परत आलेल्या गोळ्या

पोस्टमनकाकांनी डबी काउंटरवर आपटली. झाकण उडालं आणि आतल्या गोळ्या काचेवर घरंगळल्या.

"बघा! हातच्या कांकणाला आरसा कशाला? एक तरी विरघळलीय का?"

औषधाच्या दुकानातली मुलगी दचकली. मागची गिऱ्हाइकं पुढे सरकली. फुकटचा तमाशा असला की कोणाला घाई नसते! काका निवृत्त होऊन जमाना झाला, तरी सगळी गल्ली त्यांना पोस्टमनकाकाच म्हणायची. आवाज चढवणारा माणूस नव्हे हा. पण काकू गेल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. तिला या खोट्या गोळ्यांनी मारलं. आज सोक्षमोक्ष लावायचाच.

काकूंचं पोटॅशियम कमी झालं होतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज एक, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. काकू अंथरुणावर, त्यामुळे त्यांचं सगळं काकाच करायचे, शौचाचं भांडंसुद्धा. एका सकाळी त्यांना भांड्यात गोळी दिसली. अख्खी, जशीच्या तशी. उभ्या हयातीत टपाल वाटून काका एकच गोष्ट शिकले होते. परत आलं म्हणजे पोचलं नाही. मग कुरकुर करायची नाही, पुन्हा जायचं, दार उघडेपर्यंत.

त्या सकाळनंतर काकूंची तब्येत खालावतच गेली. मळमळ सुरू झाली. पाय तर जड झालेच, हातातून पेलाही सुटायला लागला. "अहो, छातीत ठोका चुकतोय माझा," त्या म्हणायच्या. काकांचा जीव तिळतिळ तुटायचा. बघा, औषध अंगी लागतच नाही! भांड्यात सापडलेली प्रत्येक गोळी त्यांनी धुऊन, पुसून डबीत ठेवली. पुरावा हवा ना. आणि एका दुपारी जेवण झालं, काकूंनी उशीवर मान टाकली, ती पुन्हा उचललीच नाही.

आता घर खायला उठतं. जेवण झालं की काकांचा हात आपसूक पाण्याच्या तांब्याकडे जातो. आतल्या खोलीतून आवाज येतो, "अहो, नको ना." काका तसेच उभे राहतात, भरलेला पेला घेऊन.

दुकानातल्या मुलीने एक गोळी उचलली. नखाने दाबली. मेणासारखी ती चेपली.

"काका, खोटी नाही ही. हे नुसतं टरफल आहे. या गोळ्यांतलं औषध पोटात हळूहळू झिरपून जातं आणि रिकामं कवच तेवढं बाहेर पडतं. घाबरण्यासारखं काही नसतं त्यात."

"रिकामं?"

"हो. औषध सगळं अंगात गेलेलं असतं."

काकांनी एक गोळी उचलून उजेडात धरली. मागे कोणीतरी खोकलं. मुलीला मात्र एकदम काहीतरी आठवलं. तिचा चेहरा उतरला. ती काउंटरवरून पुढे वाकली आणि अगदी हळू बोलली.

"काका, तुम्ही गोळ्या न्यायला फार लवकर लवकर यायचात. माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. जास्त झालं की हृदयच बंद पडतं हो याने. काकूंनी चुकून जास्तीच्या तर नाही घेतल्या?"

काकांनी एकेक टरफल वेचून डबीत भरलं. झाकण लावलं. ते बसेना.

"चुकून कशी घेईल? ती तर नको नको म्हणायची, पोरी," काका म्हणाले. "परत आली की मीच दुसरी द्यायचो. म्हणायचो, एवढी एक माझ्यासाठी."