तेवीस ठोके

शिपाईमामा शर्टाची बटणं सोडून प्रयोगशाळेच्या टेबलावर आडवे झाले, तेव्हा तिच्या प्रात्यक्षिक परीक्षेची वीस मिनिटं उरली होती. बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हृदयाचा आलेख काढावा लागतो, आणि त्यासाठी हृदय लागतं. मुलं एकमेकांसमोर शर्ट काढायला लाजतात. मामा लाजत नाहीत. एका कप चहावर गेली अकरा वर्षं ते आपलं हृदय कॉलेजला वापरायला देत होते.

तिनं त्यांच्या छातीवर गार जेल लावलं, वायरी चिकटवल्या.

"नीट बघ हं पोरी," मामा म्हणाले. "हल्ली जरा चाललं की धडधडतं. मध्येच ठोका चुकल्यासारखा होतो. बायकोनं उद्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. तुझं मशीन बरं म्हणालं तर कोण जातंय तिथे? उगाच हात दाखवून अवलक्षण."

"हलू नका मामा."

प्रोग्रॅम तिनं महिनाभर खपून लिहिला होता. माणूस खोकला, हलला, वायर सैल झाली की आलेख बिघडतो. या बिघाडाला इथे नॉइज म्हणतात. म्हणून प्रोग्रॅमनं एक चांगला ठोका नमुना म्हणून धरायचा, त्याच्याशी न जुळणारा प्रत्येक ठोका नॉइज समजून वगळायचा, आणि उरलेल्यांची सरासरी पडद्यावर दाखवायची. स्वतःच्या छातीवर तिनं तो चाळीसदा तपासला होता. तिची छाती एकवीस वर्षांची होती.

पडद्यावर रेघ उमटली. पुस्तकातल्यासारखी, देखणी. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: वगळलेले ठोके, शंभरात तेवीस.

तिनं वायरी दाबून पाहिल्या. सगळ्या घट्ट होत्या. मामा तर श्वाससुद्धा जपून घेत होते. मग तिनं वगळलेले ठोके उघडून एकाखाली एक लावले. सगळे एकाच घडणीचे. रुंद, बेढब, वेळेआधी आलेले. नॉइज असा शिस्तीत येत नाही, हे दुसऱ्या वर्षीच शिकवलं होतं. शिकवणारे सर गुणपत्रक घेऊन शेजारी उभे होते.

"सर, हा नॉइज नाही वाटत," ती हळूच म्हणाली.

"रेघ कशी आहे?"

"चांगली आहे सर. पण ते तेवीस ठोके..."

"ऐका रे सगळे!" सरांनी आवाज चढवला. "बाईंना निदान करायचंय. डॉक्टरच व्हायचं होतं ना तुला? किती मार्क कमी पडले, सांग बरं वर्गाला."

चार. ते वर्गाला पाठच होते. मागून कुणीतरी "डॉक्टरीणबाई, आमची पण नाडी बघा" म्हणालं आणि हशा पिकला. मामाही हसले. सरांनी विनोद केला की हसायचं असतं, एवढं शहाणपण नोकरीनं त्यांना दिलं होतं. ते हसले तरी पडद्यावरची रेघ जराही बिघडली नाही. प्रोग्रॅम खरोखरच चांगला होता.

"इथे आपण मशीन तपासतो, माणूस नाही," सर म्हणाले. "हीच रेघ जमा करतेस, की शून्य लिहू?"

शून्य म्हणजे वर्ष गेलं. मामांना नंतर बाहेर गाठून सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. अशी समजूत लगेच पटते. तिनं रेघ जमा केली.

मामा उठून बसले. रुमालानं जेल पुसत त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय मशीन?"

"तीसपैकी तीस!" सर म्हणाले. "अख्ख्या कॉलेजात असं हृदय नाही, मामा."

मामांनी सरांकडे पाहिलंच नाही. ते तिच्याकडे बघत होते. "खरं का गं?"

सरांच्या पेनाचं टोपण अजून उघडंच होतं.

"हो मामा," ती म्हणाली. "एकदम छान आहे."

त्यांनी तिथेच टेबलावर बसून घरी फोन लावला. "अगं, उद्याचा नंबर रद्द कर. हो, मशीननंच सांगितलं. ... नाही गं, खोटं कशाला बोलेल? मामा म्हणते ती मला."

फोन खिशात टाकून त्यांनी बटणं लावली. दाराशी एक जुनं, लोखंडी पेटीएवढं मशीन चार दिवस पडून होतं, वरच्या मजल्यावर न्यायचं म्हणून. "बायको उचलू देत नव्हती," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. बाह्या सारून त्यांनी ते छातीशी धरून उचललं. चेहरा लाल झाला, पण ते हसत होते.

"दार धरा रे कुणीतरी," सर म्हणाले.

ती सर्वांत जवळ होती. तिनं धरलं.