तिसरा कप्पा

कुत्र्याच्या पिल्लाने डबा पालथा घातला तेव्हा सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. आवाजासरशी सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थिजली. भरतकामाची चोवीस रिळं खोलीभर पांगली होती. मधोमध, शेपटीला पिवळा दोरा गुंडाळून घेऊन, पिल्लू राजासारखं बसलं होतं.

ते तिनेच हट्टाने आणलेलं. आधी चपला झाल्या, मग उशीचा कापूस झाला. या दरोडेखोराने आणखी एक उपद्व्याप केला की त्याने या घरातून चालू लागायचं, असं सासूबाईंनी कालच बजावलं होतं. त्या एकदा बोलल्या की बोलल्या. त्यात हा डबा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कुठल्या कप्प्यात कुठला रंग, हे ठरलेलं. गेलं वर्षभर तर त्या कुणाला डबा नुसता पुसूही देत नव्हत्या.

न्हाणीघरातलं पाणी थांबलं. सुनेने हाताला येतील तशी रिळं कप्प्यांत कोंबली, झाकण लावलं आणि पिल्लाला काखोटीला मारून कोपऱ्यात बसली. डबा आपणच पुसायला घेतला होता असं सांगायचं, बोलणी आपण खायची, असं तिने ठरवून टाकलं.

सासूबाई खिडकीपाशी येऊन बसल्या. रिंगमध्ये ताणलेल्या कापडावरून त्यांनी बोटं फिरवली. लाल फुलं कालच भरून झाली होती, आता पानं राहिली होती. त्यांनी डबा उघडला. डावीकडून कप्पे चाचपत तिसऱ्यातलं रीळ उचललं आणि सुई ओवली. सून श्वास रोखून बघत होती.

पहिला टाका लालभडक उमटला. दुसराही तसाच. बघता बघता अख्खं पान लाल झालं. सासूबाईंच्या कपाळावर साधी आठीसुद्धा नव्हती.

सून हादरली. आईंना सगळं कळलंय, आपल्याला धडा शिकवायला हे मुद्दाम चाललंय, असं तिला वाटलं. एवढं महिन्याभराचं काम त्या रागापायी नासवतायत! तिला ते बघवेना.

"आई, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं?" सासूबाईंनी समाधानाने हसून रिंग तिच्यापुढे धरली. "ते राहू दे. हे बघ गं, लाल फुलांशेजारी हिरवा कसा खुललाय."