मस्कतचा फॅक्स

"फाइल आहे," दिपेश म्हणाला. "उघडत मात्र नाही."

समोर स्टुलावर बसलेल्या रहिमुन्निसाने नुसती मान हलवली. तिच्या पुढ्यातला चहा कधीच निवला होता.

दिपेशचे वडील, सदाभाऊ, म्हसळ्याच्या एसटी स्टँडसमोर फोन-फॅक्सचा बूथ चालवायचे. घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे बूथवर कायम गर्दी. येणारा-जाणारा प्रत्येक फॅक्स त्यांच्या कॉम्प्युटरवर साठून राही. सदाभाऊ गेल्या वर्षी वारले. पनवेलच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारा दिपेश गाळा रिकामा करायला आला आणि त्याने तो जुना डबा चालू करून दाखवला. गावाला त्याचं काडीचं कौतुक वाटलं नाही. रहिमुन्निसाचाची मात्र दुसऱ्याच दिवशी दारात हजर झाली. तिला मार्च २००१ मधला मस्कतचा फॅक्स बघायचा होता.

तिचा नवरा मोहम्मद तिकडे बांधकामावर होता. त्या फॅक्सच्या दुसऱ्या दिवशी तो परांचीवरून पडला आणि गेला. दफनही तिकडेच झालं. त्या एका कागदाने इतकी वर्षं आपल्याला धड झोपू दिलं नाही, एवढं तिने सांगितलं. दिपेशने पुढे काही विचारलं नाही. नवऱ्याच्या शेवटच्या पत्राबद्दल बाईला काय विचारायचं?

फाइल जुन्या पद्धतीने आवळून ठेवलेली होती. अशा फाइलीत चित्र नसतं, नुसते आकडे असतात. इतके ठिपके पांढरे, मग इतके काळे, पुन्हा इतके पांढरे. सतराशे अठ्ठावीस ठिपके भरले की एक ओळ संपली. दिपेशने हे आकडे उलगडणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि आधी दुसऱ्याच एका फाइलीवर चालवून बघितला. ओळीची रुंदी एका ठिपक्याने चुकली होती, त्यामुळे कोणाचातरी व्हिसा घसरत गेल्यासारखा तिरका उमटला. चूक सुधारल्यावर व्हिसा सरळ झाला, फोटोतल्या माणसाच्या मिशासुद्धा दिसल्या. दिपेश स्वतःवरच खूश झाला.

"उर्दूत असेल तर मला कळणार नाही, चाची."

"मी वाचते," ती म्हणाली.

तिची फाइल व्हिसाच्या मानाने अगदीच चिमुकली होती. ते त्याला मघाशीच खटकलं होतं. पहिली ओळ, सतराशे अठ्ठावीस पांढरे. दुसरी ओळ, तेवढेच पांढरे. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं, मग सगळं पुन्हा चालवलं. काळा ठिपका एकही नव्हता.

डिस्क बिघडली आहे असं सांगून मोकळं व्हावं, असं त्याला क्षणभर वाटलं. म्हातारीला निदान आशा तरी राहिली असती. पण तिच्याकडे बघून खोटं बोलणं त्याला जमेना.

"चाची, पान कोरं आहे. फाइल चांगली आहे, पानच कोरं आहे. पाठवणाऱ्याने कागद उलटा घातला असणार, लिहिलेली बाजू मशीनला दिसलीच नाही. नवं मशीन आलं तेव्हा आमचे बाबाही असे घोटाळे करायचे."

रहिमुन्निसा उठून स्क्रीनजवळ आली. तिने त्या पांढऱ्या चौकोनावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"एक अक्षर पन न्हाय?"

"नाही."

"म्हणजे दुसऱ्या टोकाला पन असाच कोरा निघाला?"

"हो. दोन्हीकडे सारखाच निघतो."

तिने ओढणी तोंडावर घेतली. तिचे खांदे हलत होते. दिपेशला फार वाईट वाटलं. आपण हा डबा चालूच करायला नको होता, असं तो काहीतरी पुटपुटला आणि पाणी आणायला उठला.

"बस रे," तिने ओढणी खाली घेतली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "अल्लाचा शुकर हाय. तो कागद मीच लिहून तुझ्या बाबाकडे दिला होता. परत येऊ नको, मला तलाक दे, असं लिहिलं होतं."